उन्हाळ्यात गरम चहा की गार पाणी? माठाला विचारून बघू



आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने चहा-सरबतावर काय बोलायचं? हा तर डॉक्टरांचा विषय, फार तर स्वयंपाकघराचा. आमचं म्हणणं असं की यात तत्त्वज्ञानाचं काम आधी आहे, डॉक्टरांचं नंतर. 'गरम' आणि 'गार' हे दोन शब्द आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो आणि दर वेळी त्यांचा अर्थ तोच आहे असं धरून चालतो. तो तसा नसतो. आणि मे महिन्यात या गोंधळाची किंमत कधी कधी फार मोठी पडते.

बघा, एकाच घरात तीन वाक्यं ऐकू येतात. 'चहा गरम आहे, जपून.' इथे गरम म्हणजे वस्तूचं तापमान, ते तापमापकाने मोजता येतं. 'पुदिन्याचं सरबत प्यायलो, काय गार वाटलं!' इथे गार म्हणजे आपल्याला येणारा अनुभव. आणि तिसरं, 'आंबा उष्ण, सब्जा थंड.' इथे तापमानाचा संबंधच नाही. फ्रिजमधला आंबासुद्धा उष्णच आणि कोमट दुधातला सब्जासुद्धा थंडच. हा तिसरा अर्थ आयुर्वेदातून आणि घरोघरच्या अनुभवातून आलेला आहे, त्याची चर्चा स्वतंत्रपणे व्हायला हवी. आज आपण तो आदराने बाजूला ठेवू. कारण आपला प्रश्न नेमका आहे: उन्हाळ्यात गरम किंवा गार पेय प्यायल्यावर शरीराच्या तापमानाचं काय होतं?

पहिले दोन अर्थ वेगळे आहेत हे जुन्यांना चांगलं ठाऊक होतं. ज्यांनी संस्कृतात 'तर्कसंग्रह' वाचला असेल त्यांना आठवेल, अन्नंभट्ट स्पर्शाचे तीन प्रकार सांगतो: शीत, उष्ण, आणि धड शीतही नाही उष्णही नाही असा. पाण्याचा स्वतःचा स्पर्श शीत. मग कढत पाणी हाताला भाजतं ते कसं? नैयायिक म्हणतात, ती उष्णता पाण्याची नाही, पाण्यात शिरलेल्या तेजाची आहे. उसनी आहे. भौतिकशास्त्र म्हणून हे आज कोणी मानणार नाही, पण 'जे जाणवतं ते त्या वस्तूचंच असेल असं नाही' ही शंका त्यात पक्की आहे. तिकडे इंग्लंडमध्ये जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस हेच दुसऱ्या वाटेने दाखवलं. एकच कोमट पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्या हाताला गरम लागू शकतं. घरी करून बघा. एक हात बर्फाच्या पाण्यात, एक सोसेल इतक्या गरम पाण्यात, मिनिटभर. मग दोन्ही हात एकाच कोमट पाण्याच्या बादलीत. बादली एक, उत्तरं दोन.

आता विज्ञानाने याच्या पुढची गोष्ट सांगितली आहे. आपल्या तोंडात, त्वचेत मज्जातंतूंच्या टोकांना तापमान ओळखणारी प्रथिनं असतात. त्यांतलं एक साधारण ४३ अंशांच्या वर जागं होतं, आणि मिरचीतल्या तिखट द्रव्यानेही जागं होतं. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ते शोधलं, आणि या संशोधनाला २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणून तिखट खाल्लं की 'तोंड भाजलं' म्हणतो ते केवळ अलंकारिक नाही, मेंदूला खरोखर तोच निरोप जातो. नागपूरकर भर मे महिन्यात सावजी रस्सा खातात, कपाळावरून घाम निथळतो, आणि वर म्हणतात 'आता बरं वाटलं'. आपण हसतो, पण त्यात काही तथ्य आहे, त्याकडे येऊ. दुसरं एक प्रथिन थंडीने जागं होतं आणि पेपरमिंटमधल्या मेंथॉलनेही. म्हणजे पुदिन्याचं सरबत गार वाटतं तेव्हा तापमान मुळीच उतरलेलं नसतं, फक्त गारव्याची घंटा वाजलेली असते.

तर 'गार वाटणं' आणि 'गार होणं' या दोन गोष्टी आहेत. आता दुसरीचा हिशेब मांडू. घाबरू नका, किराणा दुकानाच्या वहीइतकाच हिशेब आहे.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते ती एक किलोकॅलरी. बिस्किटाच्या पुड्यावर असते तीच. साठ किलो वजनाच्या माणसाचं सगळं शरीर एक अंशाने तापवायला साधारण ५० किलोकॅलरी लागतात. आता फ्रिजमधलं ५ अंशांचं पाणी घ्या, एक पेला, २०० मिलिलिटर. ते पोटात जाऊन ३७ अंशांना पोचेपर्यंत शरीरातून उष्णता ओढेल. किती? ०.२ गुणिले ३२, म्हणजे साडेसहाच्या आत. ६.४ किलोकॅलरी. शरीर यामुळे किती निवेल? ०.१३ अंश. बस्स, एवढंच. आणि काही न करता नुसतं बसून राहिलं तरी आपलं शरीर तासाला सत्तरेक किलोकॅलरी उष्णता तयार करतंच. म्हणजे त्या बर्फगार पेल्याने जे कमावलं ते पाच-सहा मिनिटांत पुन्हा तयार झालं.

आता चहा. बशीत ओतून फुंकर मारून पिणारे आणि कपातून पिणारे यांच्यात फरक आहे, पण ६० अंश धरू. १५० मिलिलिटरचा कप. त्याने शरीरात साडेतीन किलोकॅलरी टाकल्या. शरीर तापलं ०.०७ अंशाने. ज्या गोष्टीवरून घरात वाद होतात, 'या उन्हात चहा कसला पिता' वगैरे, तिचं थेट वजन हे असं अंशाच्या चौदाव्या भागाइतकं आहे. कटिंग असेल तर त्याच्याही निम्मं. (हशा)

बर्फाचा गोळा मात्र जरा वेगळा. बर्फ नुसता तापत नाही, आधी वितळतो, आणि वितळायला किलोमागे ८० किलोकॅलरी घेतो. दीडशे ग्रॅमचा गोळा खाल्ला तर साडेसतरा किलोकॅलरी गेल्या. हे लक्षणीय आहे. म्हणूनच उष्ण हवेत शर्यतीला उतरणारे खेळाडू आधी बर्फाचा चुरा घातलेलं पेय पितात. आपल्या गाडीवरचा गोळा कोणत्या पाण्याचा असतो हा वेगळा प्रश्न, पण त्यामागचं भौतिकशास्त्र चोख आहे.

पण शरीराचा खरा जमाखर्च पेल्यात नाहीच. तो घामात आहे. एक लिटर घाम त्वचेवरून वाळला, तर तो जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. पुन्हा ऐका. एक लिटर पाणी ५ अंशांवरून ३७ ला आणलं तर ३२, आणि एक लिटर पाणी वाळवलं तर ५८०. अठरा पट. आता त्या कपभर चहाने दिलेल्या साडेतीन किलोकॅलरी घालवायला किती घाम वाळायला हवा? सहा मिलिलिटर. चहाचा एक चमचा आणि वर थोडा. बर्फगार पेल्याने जे केलं ते करायला? अकरा मिलिलिटर, दोन चमचे. म्हणजे असं म्हणता येईल की चहा प्यायल्यावर दोन चमचे घाम जास्त आला आणि सगळाच्या सगळा वाळला, तर चहाने शरीर निवलं. आणि गार पाण्याने दोन-तीन चमचे घाम कमी आला, तर गार पाण्याने शरीर निवलंच नाही, उलट काकणभर तापलं.

हे नुसतं तर्काने म्हणायचं नाही, कोणी मोजलं आहे का? मोजलं आहे. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात ऑली जे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. नऊ पुरुषांना जागच्या जागी सायकल चालवायला लावली, सव्वा तास. वेगवेगळ्या दिवशी चार प्रकारचं पाणी दिलं: दीड अंशाचं, १० अंशांचं, ३७ अंशांचं आणि ५० अंशांचं. हवा कोरडी होती, घाम पूर्ण वाळेल अशी. सगळा हिशेब केल्यावर शरीरात साठलेली उष्णता सर्वांत कमी कधी निघाली? ५० अंशांचं पाणी प्यायल्यावर. गरम पाण्याने जितकी उष्णता आत टाकली त्याहून जास्त उष्णता वाढलेल्या घामाने बाहेर नेली. मग याच गटाने पुढे विचारलं की घामाला हुकूम देतं कोण? जीभ की पोट? त्यांनी काही वेळा पाणी तोंडात नुसतं खुळखुळवायला दिलं आणि काही वेळा नाकातून नळी घालून थेट जठरात सोडलं. नुसत्या खुळखुळवण्याने घामात फरक पडला नाही. जठरात सोडलं की लगेच पडला. म्हणजे पोटातही तापमान ओळखणारी ठाणी आहेत, आणि घामाच्या बाबतीत मेंदू जिभेपेक्षा पोटाचं ऐकतो. 'वाटणं' जिभेचं, 'होणं' पोटाचं आणि त्वचेचं. लॉकला हा प्रयोग आवडला असता.

इथे काही मंडळी खूश झाली असतील, चहावाले. थांबा. त्या प्रयोगात एक अट होती, आणि सगळं त्या अटीवर उभं आहे. घाम वाळला पाहिजे. निथळणारा घाम काही कामाचा नाही. शर्टाच्या पाठीवरून टपकलेला थेंब ती ५८० च्या भावाची उष्णता न घेताच जमिनीवर पडतो. पाणी गेलं, मीठ गेलं, आणि गारवा नाही.

ही अट समजून घ्यायला प्रयोगशाळा नको, माठ पुरे. माठ पाणी गार कसं करतो? त्याला घाम येतो म्हणून. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, तिथे वाळतं, आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. तेच ५८०. माठाला बाहेरून ऑइलपेंटची नक्षी काढून शोभेला ठेवला की तो पाणी गार करत नाही, कारण त्याची छिद्रं बुजतात. वाळ्याची ताटी तशीच, कूलर तसाच, आणि आपलं शरीर तसंच. चौघांचा कायदा एक.

लंडनमध्ये १७७४ साली चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचा डॉक्टर आणि त्याचे मित्र अतिशय तापवलेल्या खोलीत जाऊन बसले. पुढे त्यांनी खोली २६० अंश फॅरनहाइटपर्यंत नेली, म्हणजे सुमारे १२७ सेल्सियस. माणसं काही मिनिटं आत राहून सुखरूप बाहेर आली, त्यांच्या शरीराचं तापमान जवळपास तेवढंच राहिलं. त्याच हवेत ठेवलेला मांसाचा तुकडा मात्र पाऊण तासात शिजून कडक झाला. या प्रयोगातली आम्हाला सर्वांत आवडणारी गोष्ट मांसाची नाही, पाण्याची आहे. त्या खोलीत उघडं ठेवलेलं पाणी, भोवतालची हवा उकळबिंदूच्या वर असूनही, उकळलं नाही. ते वाळत राहून स्वतःला थंड ठेवत होतं. त्यावर तेल-मेणाचा थर आल्यावर वाळणं थांबलं आणि पाणी उकळायला लागलं. ब्लॅग्डेनला बाष्पीभवनाचं महत्त्व दिसलं होतं, तरी जिवंत शरीरात उष्णता नष्ट करणारी काही खास शक्ती असते असंही तो मानत राहिला. अशा शक्तीची गरज नव्हती. उत्तर त्या भांड्यातच होतं.

आता माठ घेऊन प्रवास करू. आम्ही नागपूरलाही बरीच वर्षं काढली आणि मुंबईतही, त्यामुळे दोन्हीकडच्या उन्हाळ्यांशी आमचा परिचय आहे. नागपूरचा मे महिना धरा: ४५ अंश, हवेत आर्द्रता १५ टक्के. तापमापकाच्या टोकाला ओला फडका गुंडाळून वाऱ्यात धरला तर तो किती दाखवेल? याला वेट बल्ब तापमान म्हणतात, आणि वाळून-वाळून कुठपर्यंत गार होता येईल याची ती शेवटची पायरी. नागपूरला गणिताने ते येतं साधारण २४ अंश. आता मुंबई: ३४ अंश, आर्द्रता ७० टक्के. फडका दाखवतो साधारण २९. काय झालं बघा. नागपूरची हवा मुंबईपेक्षा अकरा अंशांनी जास्त तापलेली, आणि नागपूरच्या माठातलं पाणी मुंबईच्या माठातल्या पाण्यापेक्षा गार! प्रत्यक्षात दोन्ही माठ या पायरीच्या दोन-चार अंश वरच थांबतात, पण क्रम हाच राहतो. कूलर नागपुरात घरोघर दिसतो आणि दादरला कोणी लावत नाही, त्याचं कारण हेच.

मग चहाचं उत्तर काय? जिथे माठ चांगला चालतो तिथे चहाही चालतो. कोरड्या हवेत, सुती सैल कपड्यांत, वारा लागत असताना, गरम पेयाने वाढलेला घाम वाळून जातो आणि थोडा फायदाच होतो. सावजी रश्श्याचंही तेच, तिथे हुकूम तापमानाचा नसून तिखटाचा असतो एवढंच. आणि जिथे माठ आळशी असतो, म्हणजे मुंबई, रत्नागिरी, पणजी, तिथे वाढलेला घाम नुसता निथळतो. गरम पेयाने उष्णता दिली ती दिलीच, परत न्यायला कोणी नाही. तिथे गार पेय जास्त शहाणपणाचं. त्याने घाम थोडा कमी होईल, होऊ दे, तो वाळत नव्हताच. कोकणाने कोकम सरबत आणि सोलकढी जवळ केली त्याला चवीची आणि झाडांची कारणं मोठी आहेत, पण हवेशीही त्यांचं भांडण नाही.

याला एक पोटकलम आहे आणि ते महत्त्वाचं आहे. हवा ३५ अंशांच्या वर गेली की ती त्वचेपेक्षा गरम होते. मग वाऱ्याने उष्णता जाण्याऐवजी आत येते. शरीराची बाकीची दारं बंद, फक्त घाम वाळण्याचं एक दार उघडं. दमट हवेत तेही अर्धं मिटतं. वेट बल्ब ३५ ला पोचलं तर सावलीत बसलेला निरोगी माणूससुद्धा फार काळ तग धरू शकत नाही, असं २०१० पासून गणिताने सांगितलं जात होतं. पुढे अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात तरुण, धडधाकट माणसांवर प्रयोग झाले तेव्हा दमट हवेत ही मर्यादा ३१ च्या आसपासच लागली. आणि आपण आत्ता मुंबईचा साधा हिशेब केला तो २९ आला होता. हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, किनारपट्टीवर ३७ पासूनच, त्यामागेही हे कारण आहे. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला मोकळ्या मैदानावर भरलेल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं गेली, ती विदर्भातल्या तापमानात नव्हे.

नागपूरवाल्यांनी मात्र यावरून निश्चिंत होऊ नये. कोरड्या हवेचा धोका वेगळा, तो दिसत नाही. घाम येतो आणि आल्याआल्या वाळतो, म्हणून 'मला घामच येत नाही' असं वाटतं. उन्हात अंगमेहनत करणाऱ्याचं तासाला लिटरभर पाणी सहज जातं आणि शर्ट कोरडा दिसतो. चहाने घाम वाढवला तर ते पाणी कुठून आणायचं? आधीच आटलेल्या माणसाचा घाम वाढत नाही, उलट कमी होत जातो. म्हणून चहा हा पाण्याच्या जागी नाही, पाण्याबरोबर. चहाने लघवी होऊन पाणी निघून जातं ही भीती मात्र अवाजवी आहे. नेहमीचे दोन-तीन कप पाण्याच्या खात्यातच धरायला हरकत नाही. दारू, बिअर नाही धरायची. ती खरोखरच पाणी बाहेर काढते.

मग तहान तर सांगेलच ना, असं कोणी म्हणेल. इथे पुन्हा 'वाटणं' आणि 'होणं'. तहान भागली असं आपल्याला पाणी रक्तात पोचायच्या आधीच वाटतं, तोंडातून आणि घशातून येणाऱ्या निरोपांवरून. पाणी गार असेल तर हा निरोप आणखी जोरात जातो. फार बर्फगार पाणी असलं की चार घोटांत 'बास' वाटतं, आणि कोमट असेल तर पिववत नाही. तहानलेल्या माणसांना हवं तेवढं प्यायला देऊन मोजलं तेव्हा सर्वांत जास्त पाणी पोटात गेलं ते साधारण १५ अंशांचं. फ्रिजमधल्या बाटलीत थोडं साधं पाणी मिसळलं की तिथे पोचता येतं. कोरड्या हवेतला माठ तिथपर्यंत उतरत नाही, पण फ्रिजइतका घसाही आवळत नाही. पाण्याचं तापमान किती शरीर निववतं यापेक्षा ते तुम्हाला किती पाणी प्यायला लावतं, हे आमच्या मते जास्त मोलाचं आहे. अकरा मिलिलिटरचा वाद आपण मघाशी घातला. इथे प्रश्न लिटरांचा आहे.

आणि आमच्या वयाच्या श्रोत्यांनी हे वाक्य दोनदा ऐकावं. वय वाढतं तशी तहान बोथट होते. शरीराला पाणी कमी पडलेलं असतं आणि तहान लागलेली नसते. घाम येणंही उशिरा सुरू होतं आणि कमी येतं. म्हणजे आपल्याबाबतीत घंटाही खराब आणि माठाची छिद्रंही बुजलेली. तेव्हा तहानेची वाट न बघता, घड्याळाकडे बघून थोडं थोडं प्यावं. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, ज्यांना लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी किती प्यायचं हे आमच्याकडून नव्हे, आपल्या डॉक्टरांकडून उन्हाळ्याच्या आधीच विचारून घ्यावं. आणि प्यायचंच कशाला, लावायलाही पाणी चालतं! ओला पंचा मानेवर, दंडावर ठेवून पंख्याखाली बसलं तर तो उसना घामच झाला. त्यात शरीराचं पाणी खर्च होत नाही. वाळेल तिथे हा उपाय कोणत्याही सरबतापेक्षा सरस.

पन्ह्याबद्दल थोडं सांगतो, कारण त्यावर हमखास प्रश्न येतो. घामाबरोबर मीठ जातं. दिवसभर घाम गाळणाऱ्याने नुसतं साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही धोक्याचं. आतड्यात मीठ आणि साखर एकत्र असली की पाणी जास्त चांगलं शोषलं जातं, जलसंजीवनीचं तत्त्व हेच. गूळ-मिठाचं पन्हं, मिठाचं ताक, लिंबू सरबत ही त्याची घरगुती भावंडं. पण एक भेद करावा. घरात पंख्याखाली बसून पन्ह्याचे चार पेले पिणाऱ्याला मिठाची गरज नसते, त्याच्या जेवणातच ते भरपूर असतं, आणि रक्तदाब असेल तर उलट अपायच. ज्याला गरज असते तो स्लॅबवर काँक्रीट ओतत असतो किंवा उसाच्या फडात असतो, आणि त्याच्यापर्यंत पन्हं पोचत नाही. त्याला मिळतो टपरीवरचा चहा, कारण तो दहा रुपयांत येतो आणि त्यात साखर असते. 'उन्हात चहा पिऊ नका' असा उपदेश त्याला करण्यापेक्षा कामाच्या जागी सावली आणि गार पाण्याचा पिंप ठेवणं हे मुकादमाचं काम आहे.

आता हातात दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. एक ताई विचारतात, उन्हातून आल्या आल्या गार पाणी प्यायलं तर रक्तवाहिनी फुटते असा निरोप मोबाइलवर फिरतो, खरं का? ताई, असं काही होत नाही. खेळाडूला उष्माघात झाला तर त्याला सरळ बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवतात, हा मान्य उपचार आहे. घटाघटा बर्फाचं पाणी प्यायलं तर पोटात कळ येईल, कपाळ दुखेल. म्हणून सावकाश प्यावं, इतकंच. आपल्याकडे उन्हातून आलेल्याला आधी बसवून गूळ-पाणी द्यायची रीत होती, त्यात बसवणं हा भागही औषधाचाच आहे.

दुसरी चिठ्ठी जास्त गंभीर आहे. उन्हात कोणी कोसळला तर आधी काय पाजावं, गरम की गार? काहीच पाजू नये, जर तो असंबद्ध बोलत असेल, झिंगल्यासारखा करत असेल किंवा शुद्धीवर नसेल. पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. अशा वेळी शरीर ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं, आणि आपण मघाशी मोजलं तसं एका पेल्याने ते दशांशानेच उतरणार. १०८ ला फोन करा. तोवर सावलीत आणा, कपडे सैल करा, मिळेल ते पाणी अंगभर ओता आणि वारा घाला. बर्फ असेल तर मान, काखा, जांघा इथे लावा. त्याच्या अंगाला घाम आहे की नाही यावरून निदान करत बसू नका. श्रम करताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलंही असतं. तो पूर्ण शुद्धीत असेल, नीट उत्तरं देत असेल आणि गिळू शकत असेल तरच घोट घोट पाणी द्या. माठातलं असो की फ्रिजमधलं, जे हाताशी असेल ते.